ट्रॅक्टरवरच्या हरणामागचा लोहार

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: मुलाला शाळेत ट्रॅक्टरवरच्या नावाचा प्रोजेक्ट दिलाय, त्याने जॉन डीअर घेतला, आणि नेटवर बघावं तिकडे एकच ओळ, 'स्टीलच्या नांगराचा शोध लावणारा'. मग तो खरंच लोहार होता की ही कंपनीने रचलेली जाहिरात, त्याच्या घरी कोण कोण होतं, आणि पुढे धंदा पोरांनी चालवला का कुणी.

लोहार होता, अगदी घण मारणारा लोहार. मी स्वतः तिसऱ्या पिढीचा. आजोबा बलुत्यावर गावाचे फाळ शेवटून (म्हणजे तापवून, ठोकून टोक काढून) द्यायचे, वडिलांनी वेल्डिंग मशीन आणलं, आणि मी कराडजवळ अवजारांचं वर्कशॉप चालवतो, पलटी नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटरची पाती, सव्वीस वर्षं झाली ह्या धंद्यात. ह्या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय, पण वाचताना माझं लक्ष सारखं उधारीकडे जातं, कारण त्याचं निम्मं आयुष्य उधारीनेच हाकललंय. नांगराकडे येतोच, आधी घर सांगतो.

जन्म ७ फेब्रुवारी १८०४, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं व्हरमाँट राज्य, गाव रटलंड. बाप विल्यम डीअर, शिंपी. आई सेरा येट्स, तीही शिवणकाम करायची. पुढे बिऱ्हाड मिडलबरीला गेलं. जॉन चार वर्षांचा असताना म्हणजे १८०८ मध्ये बाप इंग्लंडला निघाला, तिकडे काही वारसा मिळणार होता म्हणे, आणि जो गेला तो गेलाच. बोट बुडाली असणार असं सगळे धरून चालतात. मागे बाई आणि पोरं. तिने सुई-दोऱ्यावरच ती वाढवली.

इथे तुम्हाला एक गोड गोष्ट वाचायला मिळेल, की लहानपणी बापाच्या दुकानात तो सुया वाळूत घासून चकचकीत करायचा आणि त्यावरूनच त्याला पुढे गुळगुळीत नांगर सुचला. आता चार वर्षांच्या पोराला बापाच्या दुकानातलं असं काय आठवणार? आईचं शिवणकाम पुढेही चालूच होतं, त्यामुळे सुया घासल्या असतील तर आईच्या हाताखाली घासल्या असतील, एवढं मी मानायला तयार आहे. प्रोजेक्टमध्ये लिहायचं तर 'असं सांगतात' म्हणून लिहा.

१८२१ मध्ये सतराव्या वर्षी तो मिडलबरीच्या कॅप्टन बेंजामिन लॉरेन्स नावाच्या लोहाराकडे उमेदवारीला राहिला. चार वर्षांचा करार. उमेदवारी म्हणजे आपल्याकडच्यासारखीच, मालकाच्या घरी राहायचं, तिथेच जेवायचं, पहिल्यांदा भाता आणि कोळसा, मग हळूहळू हातोडा. ह्या उमेदवारीनंतर तो आजूबाजूच्या गावांत स्वतःचं काम करायला लागला, आणि त्याचे खुरे (म्हणजे गवत उचलायचे काटे) आणि फावडी ह्यांचं नाव झालं. कशामुळे? तर तो काट्याची टोकं घासून घासून इतकी गुळगुळीत करायचा की गवत त्याला धरून राहायचं नाही, आपोआप सुटायचं. हे लक्षात ठेवा ताई, कारण पुढचा सगळा धंदा ह्या एका सवयीवर उभा आहे.

१८२७ मध्ये डेमेरियस लँब ह्या मुलीशी लग्न झालं. पाठोपाठ पोरं. त्याने लेस्टर नावाच्या गावी कर्ज काढून स्वतःचं दुकान घातलं, ते जळालं. परत उभं केलं, परत जळालं. लोहाराच्या दुकानाला आग लागते ह्यात नवल काही नाही, लाकडी छप्पर आणि खाली उघडी भट्टी, आमच्या आजोबांचं छप्परही एकदा गेलं होतं. पण कर्जावर उभं केलेलं दुकान दोनदा जाणं म्हणजे माणूस आडवाच. त्यात व्हरमाँटमध्ये तेव्हा शेतीच बसत चालली होती, डोंगराळ दगडी जमीन, शेतकरी गावं सोडून पश्चिमेला निघालेले, आणि गिऱ्हाईकच निघून गेलं तर लोहाराने भाता कुणासाठी मारायचा. घेणेकरी दारात उभे राहायला लागले, आणि कर्ज फेडलं नाही तर माणसाला कोंडायचा कायदा तिथे अजून चालू होता.

१८३६ च्या शेवटी शेवटी तो निघाला. एकटा. बायको गरोदर, चार पोरं पदरात, तिला तिच्या माहेरच्या माणसांच्या आधाराने ठेवून. कंपनीच्या इतिहासात सांगतात की खिशात ७३ डॉलर ७३ सेंट आणि सोबत थोडी हत्यारं होती. कालव्यातल्या बोटीने, मग मोठ्या सरोवरांतून शिकागोपर्यंत, तिथून पुढे घोडागाडीने असा इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डिटूरला पोचला. रॉक नदी तिथे मोठा वळसा घेते, फ्रेंच लोकांनी त्यावरूनच नाव ठेवलेलं. हे गाव वसवणारा लेनर्ड अँड्रस हाही व्हरमाँटचाच. म्हणजे पाहुण्या-गाववाल्यांच्या ओळखीने मुंबईला येऊन पडतात ना, तोच प्रकार. अँड्रसच्या लाकूड कापायच्या गिरणीचा दांडा मोडून पडला होता आणि जवळपास चाळीस मैल लोहार नव्हता असं सांगतात. ह्याने नदीतले दगड रचून भट्टी केली आणि तो जोडून दिला. काम सुरू.

एक गोष्ट मात्र ह्या 'वसाहतवाल्यांच्या' कौतुकात कायम गाळली जाते. ती जमीन रिकामी नव्हती. रॉक नदीचं खोरं सॉक आणि मेस्क्वाकी ह्या तिथल्या मूळ लोकांचं, त्यांचं सॉकेनक नावाचं मोठं गाव नदीच्या मुखाशी होतं, मक्याची शेतं होती. १८०४ च्या एका तहाचा आधार घेऊन सरकारने त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे ढकललं, १८३२ मध्ये ब्लॅक हॉक नावाचा त्यांचा म्होरक्या आपल्या माणसांना घेऊन परत आला तेव्हा लढाई झाली आणि त्याच्या बऱ्याच लोकांची कत्तल झाली. त्यानंतर चार वर्षांनी आपला लोहार तिथे उतरतो. तुमच्या मुलाच्या प्रोजेक्टमध्ये ह्याच्यावर दोन ओळी तरी असू द्या.

आता नांगर. व्हरमाँटमधून आलेले शेतकरी सोबत ओतीव लोखंडाचे नांगर घेऊन आलेले, तिकडच्या रेताड जमिनीत ते बरे चालायचे. इलिनॉयची माती काळी, सेंद्रिय खताने भरलेली, चिकट. फाळ जमिनीत गेला की माती मोल्डबोर्डला, म्हणजे माती उलटवणाऱ्या त्या वाकड्या पात्याला, लोण्यासारखी चिकटायची, आणि दर थोड्या पावलांवर थांबून लाकडी फळीने खरवडून काढायची. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर घाईने नांगर घातलाय कधी? मग मी काय म्हणतोय ते कळेल, बैल उभे आणि माणूस पातं खरवडतोय.

ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, कितीही घासा, तो आरसा होत नाही. स्टीलचा आणि चांगल्या घडीव लोखंडाचा होतो. १८३७ मध्ये डीअरला गिरणीत मोडलेल्या करवतीचं पातं मिळालं. त्याने छिन्नीने दाते उडवले, पातं कापलं, थोडं थोडं तापवून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकत ठोकत त्याला वळण दिलं. एवढं मोठं पातं लहान भट्टीत एकदम तापत नाही, त्यामुळे एक कोपरा लाल करायचा, ठोकायचा, परत आत घालायचा, आणि हे करताना पहिलं दिलेलं वळण बिघडू द्यायचं नाही. मी हे एकदा हौसेखातर करून बघितलंय, जुन्या गोल करवतीच्या तुकड्यावर, हातघणाने, आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना हात थरथरत होता. आणि आकार देऊन झाल्यावर खरं काम, घासणं.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्याचा १८३८ चा एक नांगर आहे. तो तपासला तेव्हा आढळलं की फाळ स्टीलचा आहे पण मोल्डबोर्ड घडीव लोखंडाचं, नीट घासलेलं. म्हणजे सगळा नांगर स्टीलचा असं जे सगळीकडे छापलेलं असतं ते तितकंसं बरोबर नाही, आणि मला विचाराल तर ह्यातच त्याची हुशारी आहे, महागडं स्टील जिथे झीज जास्त तिथेच घातलं, बाकी ठिकाणी घासण्यावर भागवलं. घासलेल्या पात्यावरून माती घसरत जाते आणि जाता जाता तीच माती पात्याला अजून पॉलिश करते. एकदा हे चक्र सुरू झालं की नांगर स्वतःच स्वतःला साफ ठेवतो. लोक त्याला 'गाणारा नांगर' म्हणायला लागले, पात्यावरून माती सरकताना येणाऱ्या आवाजावरून.

ह्यावरून आमच्याकडची एक गंमत सांगतो. एक शेतकरी नवाकोरा नांगर परत घेऊन आला, माती चिकटते म्हणाला, तुम्ही फसवलं म्हणाला, बराच बोलला. बघतो तर पोराने रंग मारताना मोल्डबोर्डच्या आतल्या बाजूलाही छान लाल रंग मारून ठेवलेला. ग्राइंडरने रंग उडवला, बफ मारला, ऑइल लावून दिलं, आठ दिवसांनी त्याच माणसाने दुसऱ्या नांगराची ऑर्डर दिली.

शोध त्याचाच का? नाही. जॉन लेन नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्येच १८३३ ला जुन्या करवतीच्या पट्ट्या लावून नांगर केला होता, डीअरच्या चार वर्षं आधी. पेटंट घेतलं नाही त्याने, आणि डीअरनेही आपल्या पहिल्या नांगराचं घेतलं नाही. आणखी एक, कोऱ्या गवताळ रानाची पहिली मोड मोठ्या अवजड नांगरांनी व्हायची, पाच-सहा बैलजोड्या लावून. डीअरचा नांगर खरा उपयोगी पडला तो त्यानंतर, मोडलेल्या चिकट मातीत दरवर्षी नांगरायला.

मग नाव त्याचंच का राहिलं? कारण तो गिऱ्हाइकाची वाट बघत बसला नाही. तेव्हाचा लोहार ऑर्डर आली की अवजार करायचा, आजही आम्ही निम्मे तसेच. ह्याने आधी नांगर करून ठेवायला सुरुवात केली आणि मग ते घेऊन फिरायला लागला. १८४१ मध्ये ७५ नांगर, १८४२ मध्ये १००, १८४३ मध्ये अँड्रसशी भागीदारी केल्यावर ४००. करवतीची पाती कुठून पुरणार, म्हणून इंग्लंडहून स्टील मागवलं, आणि १८४६ मध्ये पिट्सबर्गच्या एका कारखान्याने त्याच्यासाठी नांगराचं स्टील तिथल्या तिथे लाटून दिलं.

आता बायकोबद्दल, कारण तुम्ही खास विचारलंय. पाचवं मूल, चार्ल्स, २८ मार्च १८३७ ला व्हरमाँटमध्ये जन्मलं, बाप तेव्हा हजारभर मैलांवर. १८३८ मध्ये डेमेरियस पाच पोरांना घेऊन नातेवाईकांसोबत गाडीने कित्येक आठवड्यांचा प्रवास करून ग्रँड डिटूरला आली. म्हणजे बापाने चार्ल्सला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो चालायला लागलेला असणार. चरित्रांमध्ये करवतीच्या पात्याला चार-चार पानं मिळतात आणि ह्या प्रवासाला चार ओळी, मला ते कधी पटलं नाही. कर्जबाजारी नवऱ्याच्या माघारी दोन वर्षं, त्यात बाळंतपण, आणि मग ही वाटचाल. आपल्याकडे मुंबईला किंवा दुबईला गेलेल्यांच्या घरी विचारा. एकंदर नऊ मुलं झाली तिला, सगळी जगली नाहीत. थोरला फ्रान्सिस १८४८ मध्ये विशी गाठायच्या आत गेला, आणि त्याच वर्षी कुटुंबाने गाव बदललं.

गाव बदललं ते हिशेबाने. अँड्रसला ग्रँड डिटूर सोडायचं नव्हतं, डीअरला ते अडचणीचं वाटायला लागलं, माल न्यायला-आणायला सोय नाही. तो मिसिसिपीच्या काठी मोलीनला आला, पाण्याची ताकद फुकट, बोटीने कोळसा-स्टील दारात, आणि नांगर घेऊन बोटी वर-खाली जाणार. (मोलीन हे सॉकेनकच्या जागेपासून अगदी जवळ, बघा.) १८४९ मध्ये तिथे २,१३६ नांगर झाले, साधारण सोळा माणसांवर. रॉबर्ट टेट आणि जॉन गूल्ड हे नवे भागीदार. टेटशी त्याचं कायम वाजायचं, कारण डीअर सारखं डिझाइन बदलायचा आणि टेटचं म्हणणं की लोक आहे तोच घेतायत तर बदलता कशाला. डीअरचं उत्तर असं की आपण नाही सुधारला तर दुसरा सुधारेल आणि आपलं गिऱ्हाईक नेईल. १८५२ मध्ये त्याने दोघांना मोकळं केलं.

पाच-सहा वर्षांत वर्षाला दहा हजार नांगरांपर्यंत मजल गेली, आणि मग १८५७ ची मंदी आली. बँका बसल्या, शेतकऱ्याकडे पैसा नाही, नांगर उधारीवर गेलेले, आणि स्टीलवाल्यांचे हप्ते तर थांबत नाहीत. अवजारांच्या धंद्यात हे ठरलेलंच आहे, पेरणीच्या तोंडावर माल न्यायचा आणि पैसे सुगीनंतर, आणि सुगी बुडाली तर तुम्हीही बुडालात. विशीत जो माणूस कर्जापायी गाव सोडून... नाही, बत्तिशीत, तो पन्नाशी उलटल्यावर परत तिथेच. ह्या वेळी पळायची वेळ आली नाही कारण घरात माणसं तयार होती. १८५८ मध्ये मालकी आणि कारभार चार्ल्स आणि एक जावई, क्रिस्टोफर वेबर, ह्यांच्या नावावर केला, घेणेकऱ्यांपासून धंदा वाचावा म्हणून. चार्ल्स तेव्हा एकवीस वर्षांचा. शिकागोच्या कमर्शियल कॉलेजात हिशेब शिकून सोळाव्या वर्षी बापाच्याच कारखान्यात खतावणी लिहायला बसला होता. त्यानंतर १९०७ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, खरा कारभार त्याचाच. बापाने लोखंड घासलं आणि पोराने वह्या घासल्या असं मी म्हणेन, आणि दुसरं काम कमी अवघड समजू नका.

१८६५ मध्ये डेमेरियस वारली. पुढे जॉनने व्हरमाँटला जाऊन तिचीच बहीण लुसिनिया हिच्याशी लग्न केलं. मेहुणीशी लग्न आपल्याकडेही नवीन नाही, पोरांना मावशीच आई म्हणून येते असा विचार, इथे मात्र बरीचशी पोरं मोठी होती, म्हणून सोबत हाच हेतू असावा. १८६८ मध्ये डीअर अँड कंपनी म्हणून रीतसर कंपनी झाली. त्याच सुमारास कोर्टकचेरीही चालू होती, शेजारच्याच लोकांनी 'मोलीन नांगर' नाव वापरून नांगर विकायला सुरुवात केली, डीअरने केस केली आणि इलिनॉयच्या सर्वोच्च कोर्टात हरला, गावाचं नाव कुणाच्या बापाचं नाही असा थोडक्यात निकाल. उडी मारणाऱ्या हरणाचं चित्र १८७६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. डीअर म्हणजे हरीण हा शब्दखेळ, स्पेलिंग जरा वेगळं. नाव गावाचं ठेवलं की कुणीही उचलतं, हरीण कसं उचलणार!

म्हातारपणी तो १८७३ मध्ये मोलीनचा मेयर झाला, जातिवंत गाई आणि डुकरं पाळली, आणि १७ मे १८८६ ला ८२ व्या वर्षी घरीच गेला.

आता पोरांनी चालवली का, ह्याचं उत्तर तुम्हाला आवडेल. मुलग्यांपैकी धंदा सांभाळला एकट्या चार्ल्सने, आणि त्याला दोन मुलीच. मग पुढे कंपनी जावयांनी आणि लेकीच्या लेकरांनी चालवली. चार्ल्सनंतर त्याचा जावई विल्यम बटरवर्थ, त्याच्याच काळात १९१८ मध्ये अमेरिकेतल्याच वॉटर्लू गावची ट्रॅक्टर करणारी कंपनी विकत घेऊन ट्रॅक्टर आला. १९२८ पासून चार्ल्सच्या दुसऱ्या मुलीचा मुलगा चार्ल्स वायमन, १९५५ पासून वायमनचा जावई विल्यम ह्युइट, तो १९८२ ला निवृत्त झाला आणि घराण्याचा कारभार तिथे संपला. म्हणजे जॉन आणि चार्ल्स सोडले तर डीअर आडनावाचा माणूस त्या खुर्चीत बसलाच नाही. जॉनची एक मुलगी एमा व्हीली घराण्यात दिली होती, तिच्या मुलाने मोलीनमध्येच व्हीली नावाच्या मोटारी काढल्या, त्या १९२८ पर्यंत चालल्या.

आपल्याशी संबंध म्हणाल तर पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. मला जास्त रस दुसऱ्या गोष्टीत आहे. अमेरिकेत १७९७ मध्ये चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तेव्हा शेतकरी म्हणाले लोखंडाने जमिनीला विष चढतं. आणि शंभर वर्षांनी बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा आपले शेतकरी तेच म्हणाले, शब्दाला शब्द, आणि सुरुवातीचे नांगर कितीतरी दिवस पडून राहिले. आमच्या आजोबांनीही किर्लोस्करचा नांगर पहिल्यांदा बघितला तेव्हा नाक मुरडलं होतं, वर्षभराने त्याचेच फाळ शेवटायला लागले.

ग्रँड डिटूरला १९६२ मध्ये त्याच्या दुकानाची जागा खणून काढली, भट्टी कुठे होती ते सापडलं आणि त्यावर आता छप्पर घालून ती लोकांना बघायला ठेवलीय. मुलाला त्याचे फोटो शोधायला सांगा, ट्रॅक्टरच्या फोटोपेक्षा बरे दिसतील. आणि नांगराचं चित्र काढणार असेल तर एक करा, लाकडी मुठी तपकिरी रंगवू दे, पण मोल्डबोर्ड रंगवू देऊ नका, तिथे चंदेरी कागद चिकटवा. बाईंनी विचारलं का, तर त्याला उत्तर येईल.